घोडी मोकळी सोडून शिकवली त्याची गोष्ट, तारखा आणि खर्चासकट

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडी घेतली तो दिवस ३० डिसेंबर २०२४, सोमवती अमावस्या. घ्यायचीच असं ठरवून गेलो नव्हतो. अण्णांना खंडोबाचं दर्शन घ्यायचं होतं, भाच्याला घोडे बघायचे होते आणि मला दुकान बंद ठेवून एक दिवस मोकळी हवा पाहिजे होती. माझं गावात ई-सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, दिवसभर हेच.

घोड्यांच्या बाजारात एका बाजूला नाचणारे घोडे होते. हलगी वाजायली, घोडा मागच्या पायावर उभा राहायला, लोक शिट्ट्या मारायले. त्यांच्या मागं एका बाभळीला ही बांधलेली होती. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर पांढरा टिळा, उंची ५७ इंच, तोंड भरलेलं म्हणजे पाच वर्षांच्या पुढची. हलगीचा प्रत्येक ठोका पडला की तिच्या अंगावरची कातडी थरथरायची, माशी बसल्यावर थरथरते तशी, पण माशी नव्हती. जवळ गेले तर ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना जुन्या जखमांचे पांढरे वण होते. व्यापारी म्हणाला, वरातीची घोडी आहे, नाच एक नंबर, लगाम फुकट देतो. त्यानं दिलेल्या लगामाला आतून काटे होते. काट्याचा लगाम वापरायला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून, आणि तिथं दर तिसऱ्या घोड्याच्या तोंडात तो होता.

अण्णांनी तिच्या डोळ्याखालचा, लोक अशुभ मानतात तो भोवरा बघितला आणि म्हणाले, "आसूढाळ हाय, म्हणून पडून राहिली. माय, घेऊन करशील काय हिचं?" मला उत्तर देता आलं नाही. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला, ४८ हजार. पैसे मी पोस्टात साठवलेले होते. टेम्पोचे साडेतीन हजार वेगळे. बाजाराची पावती घेतली, व्यापाऱ्याकडचं आरोग्य प्रमाणपत्र घेतलं, आणि रात्री नऊला कंधारच्या पुढं आमच्या शेतात तिला उतरवलं. उतरवताना तिनं टेम्पोच्या फाळक्यावर लाथ मारली ती भावाच्या गुडघ्याच्या दोन बोटं बाजूनं गेली. नाव शेवंती ठेवलं, व्यापारी बिजली म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमाणपत्र नीट वाचलं. त्यावर लिहिलं होतं: नर, रंग काळा. रोज दुसऱ्यांची नावं आधारशी जुळवणारी मी, यात्रेच्या गर्दीत ते वाचलंच नव्हतं. तुम्ही घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तिथंच उभं राहून रंग, लिंग, टिळा, पायावरचा पांढरा, भोवरे, सगळं कागदाशी जुळवून बघा, आणि मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

कागद दुसऱ्याच घोड्याचा म्हणल्यावर सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की ग्लँडर्सची तपासणी करावीच लागेल. हा रोग घोड्याचा माणसाला होतो, लस नाही, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर २००९ च्या कायद्यानं जनावर दयामरण देऊन पुरावं लागतं. रक्ताचा नमुना हरियाणातल्या हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो. तोवर घोडी एकटी, पाण्याची बादली वेगळी, चारा टाकायचा तर हातमोजे आणि मास्क, आणि पोरांना जवळ जाऊ द्यायचं नाही.

८ जानेवारीला पहिलं रक्त काढलं. चार माणसं, दोन दोर, आणि वरच्या ओठाला दोरीचा पिळा. ती थरथरत उभी राहिली आणि डॉक्टरांची सुई निघाल्या निघाल्या लाथ. कुणाला लागली नाही. त्या दिवसानंतर माणूस पन्नास फुटांवर दिसला तरी ती कान मागं चिकटवायची.

मग वाट बघणं. १९ दिवसांनी फोन आला की नमुना खराब झाला, रक्त फुटलं, पुन्हा पाठवा. चूक मधल्या कुठल्यातरी टप्प्यावरची, सीरम, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, वेगळं न करता तसंच रक्त उन्हातून गेलं होतं. २९ जानेवारीला पुन्हा तेच चार माणसं, तोच पिळा. मी त्या दिवशी तिचं डोकं धरलं होतं आणि तिचा डोळा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, त्या डोळ्यातलं पांढरं मला अजून दिसतं. (नमुना देताना विचारा: सीरम इथंच वेगळं करणार का, बर्फाच्या डब्यात जाणार का, नळीवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर एकच आहे का. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारा.)

रिपोर्ट निगेटिव्ह आला २४ फेब्रुवारीला. म्हणजे आल्यापासून आठ आठवडे, रक्त काढायचा दिवस सोडला तर, मी तिला हात लावू शकत नव्हते, आणि आता मागं बघितलं तर आमच्यात जे काही झालं त्याची सुरुवात त्याच आठ आठवड्यांत झाली. संध्याकाळी दुकान बंद करून मी कुंपणाबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. मोबाईलवर गिऱ्हाइकांचे अर्ज तपासायचे, शेंगा फोडायचे, कधी नुसतीच. पहिले दोन आठवडे ती पाठ करून उभी राहायची. मग एक दिवस लक्षात आलं की तोंड तिकडं असलं तरी डावा कान माझ्याकडं आहे. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात आणि जिकडं कान तिकडं लक्ष. त्या दिवसापासून वहीत लिहायला लागले: किती वाजता, कुठला कान, किती वेळ.

त्याच काळात मी यूट्यूबवर मोकळ्या घोड्यांचे व्हिडिओ बघायला लागले. फ्रान्सचे फ्रेडरिक पिन्यों, घोड्याच्या अंगावर काही नाही, ना दोर ना लगाम, आणि घोडा त्यांच्याभोवती खेळतो, ते सगळं. अमेरिकेतल्या माँटी रॉबर्ट्स यांची पद्धत तर पायरी पायरीनं सांगितलेली आहे: गोल वाड्यात घोड्याला लांब पळवायचं, त्याचा आतला कान तुमच्याकडं वळतो, तो जीभ-ओठ चाटायला लागतो, मान खाली घालतो, मग आपण पाठ फिरवायची आणि तो मागं येतो. बघायला इतकं सोपं वाटतं की आपण उद्याच करू असं होतं.

मला गोल वाडा म्हणल्यावर आपलं रिंगणच आठवलं. लहानपणी आजीबरोबर वारीत बघितलेलं, माउलींचा अश्व, पाठीवर स्वार नाही, आणि हजारो माणसांच्या मधून तो सुटतो. आजी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायची. म्हणून आमच्या शेतातल्या वाड्याचं नावही रिंगणच पडलं.

रिंगण ६० फूट व्यासाचं केलं, त्याचा घेर १८८ फुटांच्या आसपास येतो. दर सहा फुटाला खांब, तीन आडव्या ओळी, एकूण ५० बांबू, साडेसहा हजार रुपये. काथ्या नऊशे, दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी दोन हजार. म्हणजे ९,४०० मध्ये झालं. तारेचं कुंपण, आणि काटेरी तर अजिबातच, घोड्याला लावू नका, घोडं घाबरलं की तारेत पाय घालतं आणि ओढतं, चामडी सोलून निघते. कोपरे पण नकोत, कोपऱ्यात सापडलेलं जनावर वळून लाथच मारणार.

आणि मग ३ मार्चला मी व्हिडिओत बघितलेलं केलं. तिला रिंगणात सोडलं आणि हातातला दोर हलवून पळवलं. ती पळाली. चाळीस मिनिटं पळाली. मानेवर साबणासारखा फेस, नाकपुड्या लाल, पण थांबेना. मध्येच तिनं ओठ चाटले, मला वाटलं झालं, मी पाठ फिरवली, ती लांबच्या बांबूला चिकटून उभी राहिली. मी पुन्हा पळवली.

त्या दिवशी नालबंद चाचा खूर कापायला आले होते. नांदेडहून येतात, सत्तरीच्या पुढचे, आयुष्य घोड्यांच्या पायाशी गेलेलं. फाटकाशी उभे राहून बघत होते, मला माहीतच नव्हतं. मला म्हणाले, "ये तो बरातइच हुई ना बेटी. खाली बाजा नई."

मी तिथंच खाली बसले. खरंच, तिला आयुष्यभर माणसांनी गोलात पळवलं, नाचवलं, आणि मी वेगळं काय केलं होतं? दोर गळ्यात नव्हता एवढंच, बाकी तिला जायला जागा कुठं होती? आणि ओठ चाटले ते पळून पळून तोंड कोरडं पडलं म्हणूनही असेल. पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही, जाणकार माणूस दोन मिनिटांत दबाव सोडतो, मला तो कधी सोडायचा हेच कळत नव्हतं. आणि ज्या जनावराला आधीच पळवून पळवून मोडलंय त्याच्यापाशी तर ही सुरुवात करूच नये, असं माझं ठाम मत झालंय. चाचांनी त्या दिवशी खूर कापले नाहीत, पैसे पण घेतले नाहीत. "आज उसकू कोई हात नक्को लगाओ," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी भावाला सांगून रिंगणाचे सहा फुटांतले बांबू काढले. फट. फटीच्या पलीकडं आमचं एक एकराचं पडीक रान, त्याला बाहेरून बोराटीचं आणि बांबूचं कुंपण. म्हणजे नको वाटलं की तिला निघून जाता येईल. भाऊ म्हणाला, "ताई, मग रिंगण कशाला बांधलं?" बरोबरच होतं त्याचं. पण माझ्या डोक्यात आता एकच गोष्ट बसली होती. ही घोडी लाथ मारते कारण त्याच्या आधी ती जे सांगते ते कुणी ऐकतच नाही. कान मागं गेले, कुणी थांबलं नाही. शेपटी आपटली, कुणी थांबलं नाही. मग लाथ, आणि लाथेला मात्र सगळे थांबतात. तर मला लाथेच्या आधी, शेपटीच्या आधी, कानाच्याही आधी थांबायला शिकायचं होतं.

केलं ते इतकंच. तिच्याकडं चालत जायचं, सरळ समोरून नाही आणि मागून तर नाहीच, कारण घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही, बाकी जवळजवळ सगळीकडचं दिसतं. खांद्याच्या दिशेनं, तिरकं. आणि तिच्यात काहीही बदल झाला, कान, नाकपुडी, पोटाचा श्वास अडला, की तिथंच थांबून दोन पावलं मागं. मग खाली चुन्याची फक्की टाकून खूण. ५ मार्चला पहिली खूण ३२ फुटांवर पडली. एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, त्यापेक्षा जास्त नाही. भाचा फीतपट्टी धरायचा आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. २० मार्चला ११ फूट. २२ ला पुन्हा १९, कारण शेजारच्या रानात मळणीयंत्र चालू झालं होतं. असं मागं-पुढं व्हायचंच, पहिल्यांदा झालं तेव्हा मी रडले होते, नंतर नुसता आकडा लिहून जेवायला जायला लागले.

फट पाडल्यावर पहिले कितीतरी दिवस ती माझ्या तिसऱ्या पावलालाच बाहेर निघून जायची. मी मागं गेले नाही. हे सगळ्यात अवघड, कारण बघणारे लोक असतात, आणि घोडी निघून गेली की ते हसतात. गावातले दोघं-तिघं रोज संध्याकाळी बांधावर येऊन बसायचे. आई त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, "बसा की, पण बोलू नका."

६ एप्रिल, रामनवमी. सकाळी सहाला मी चार फुटांवर थांबले, तिनं मान लांब केली आणि माझ्या मनगटाचा वास घेतला. मी हात उचलला नाही. तिनं नाकातून लांब श्वास सोडला, फुर्रर्र असा, आणि निघून गेली. वहीत त्या दिवसापुढं मी फक्त वेळ लिहिलीय, ६ वाजून १२ मिनिटं.

हात लावायचा तर कुठं, हे पण शिकावं लागलं. आपण प्रेमानं तोंड कुरवाळायला जातो, तिला तिथंच काट्यांची आठवण. घोडे एकमेकांना खाजवतात ते आयाळ संपते तिथं, खांद्यावरच्या उंचवट्यापाशी. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ साली एक अभ्यास झालाय, त्यात तिथं खाजवलं की घोड्याच्या काळजाचे ठोके कमी होतात असं मोजून दाखवलंय. मी ते डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी मला नाडी मोजायला शिकवली, जबड्याच्या हाडाखाली शीर लागते, तिथं बोट ठेवायचं, पंधरा सेकंद मोजून चौपट करायची. शांत मोठ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. मला जबड्यापर्यंत हात न्यायला मे उजाडला. पहिल्यांदा ६४ होती. जूनच्या शेवटी ४०. हे आकडे वहीत बघितले की मला अजून बरं वाटतं.

खाऊचं सांगते, इथं बरेच जण चुकतात. मी सुरुवातीला खिशात गूळ ठेवायचे. दहा दिवसांत ती खिसाच चावायला लागली, एकदा दंड धरला, महिनाभर निळा होता. मग गूळ बंद, गाजराचे तुकडे, आणि ते पण हातातून नाही, घमेल्यात. तिनं तोंड माझ्यापासून बाजूला वळवलं की मगच घमेल्यात तुकडा पडणार. चार दिवसांत समजलं तिला. दंड नीट व्हायला जास्त वेळ लागला.

उन्हाळा आमच्याकडचा कसा असतो ते माहीत आहेच. एप्रिलच्या मध्यापासून पहाटे साडेपाचला रिंगणात, साडेसहाला बंद. दिवसाला तिला तीस-पस्तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्याही वर, आणि मिठाचा खडा समोर पाहिजेच. चारा म्हणजे ज्वारीचा वाळलेला कडबा, थोडं लसूणघास, भिजवलेला हरभरा मूठ-दोन मूठ. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून एकदम जास्त दाणा घालू नका, पोट फुगलं की धावपळ होते. महिन्याला सव्वापाच हजार लागतात. चाचांचे सहाशे, दर सात आठवड्यांनी. आणि सोबत म्हणून आईनं एक शेळी आणून सोडली, कारण घोडं हे कळपातलं जनावर, एकटं ठेवलं की झुरतं. शेळी आल्यावर शेवंती पहिल्यांदा दुपारी आडवी होऊन झोपली. घोडे उभ्यानं डुलकी घेतात पण गाढ झोपायला आडवंच व्हावं लागतं, आणि आडवं व्हायला भरवसा लागतो. तो माझ्या आधी शेळीवर बसला.

जूनमध्ये सोबत चालणं सुरू झालं. दोर नाही, मी तिच्या डाव्या खांद्याशी, दोघी रिंगणात. मी थांबले की ती थांबायची, वळले की वळायची, आणि मला वाटायचं मी तर काहीच खूण केली नाही. बर्लिनमध्ये शंभरेक वर्षांमागं हान्स नावाचा घोडा होता, गणिताचं उत्तर टाप आपटून द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की त्याला गणित येत नव्हतं, बरोबर आकडा आला की विचारणाऱ्या माणसाची मान नकळत हलायची, तेवढं तो वाचत होता. भाच्यानं मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला, तो सावकाश करून बघितला, तर मी थांबायच्या एक पाऊल आधी श्वास सोडत होते आणि खांदे खाली येत होते. ती त्यालाच थांबत होती. त्याच्यानंतर मी दुकानातलं टेन्शन घेऊन रिंगणात जायचं बंद केलं. सर्व्हर डाऊन, लोक ओरडायले, असा दिवस असला की आधी विहिरीवर जाऊन हातपाय धुवायचे, दहा मिनिटं बसायचं, मग आत. तरी जमलं नाही तर त्या दिवशी सुट्टी.

जुलैमध्ये नुकसान झालं. कुंपणातल्या बोराट्या सरकल्या होत्या, ती शेजाऱ्यांच्या कोवळ्या ज्वारीत घुसली. कोवळ्या ज्वारीची किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, जनावर तासाभरात जाऊ शकतं, आमच्याकडं दरवर्षी गुरं दगावतात. मी पळत गेले आणि पळत गेले हेच चुकलं, मला पळताना बघून ती आणखी आत गेली. मग थांबले, पाठ फिरवली, श्वास सोडला आणि आमच्या रानाकडं चालायला लागले. मागं टापा ऐकू आल्या. डॉक्टरांनी चार तास बसून लक्ष ठेवलं, काही झालं नाही. शेजारच्या काकांना दोन हजार दिले, त्यांनी घेतले आणि दुसऱ्या दिवशी कुंपण नीट करायला स्वतः आले. मोकळं सोडून शिकवायचं तर बाहेरचं कुंपण आठवड्याला फिरून बघावं लागतं, आता मी दर रविवारी बघते.

पोळ्याच्या दिवशी ऑगस्टमध्ये हलगी वाजली आणि रिंगणाचे बांबू तोडून ती पलीकडं गेली. छातीला चार इंच जखम. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच झालेलं होतं म्हणून जीव भांड्यात पडला, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, पहिल्यांदा महिन्याच्या अंतरानं दोन आणि मग वर्षाला एक, हे चुकवू नका. जखम भरल्यावर हलगीचं काम सुरू केलं. मोबाईलवर हलगी, आवाज सगळ्यात बारीक, आणि मोबाईल रानाच्या पार दुसऱ्या टोकाला. कान फिरला की बंद. पुन्हा. तिला जायचं तर फट उघडी. आठवड्याला आवाज एक खूण वर.

पण हे सुरू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच सप्टेंबरचा पाऊस आला. २०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. सोयाबीन पाण्यात गेलं, रिंगण म्हणजे गुडघाभर काळा चिखल, माझ्या दुकानात सकाळपासून नुकसानीच्या अर्जांची रांग. शेवंती गोठ्यात. सततच्या ओलीनं तिच्या खुराची पुतली, म्हणजे तळव्याचा मऊ भाग, सडायला लागली, वास यायला लागला. मोरचूदाच्या पाण्यानं रोज धुवायचं आणि कोरडं ठेवायचं हा उपाय, आणि त्यासाठी तिनं पाय द्यायला पाहिजे. बांधून करता आलं असतं. मी बांधलं नाही, पाय उचलून तीन मोजायचे आणि तिनं ओढायच्या आधी मीच सोडायचे. मग पाच, मग आठ. चिखलात, कंदिलाएवढ्या बल्बखाली, चार पाय. एकवीस दिवस रिंगणात पाऊल नाही आणि तरी त्या गोठ्यात आम्ही जितकं शिकलो तितकं सगळ्या उन्हाळ्यात शिकलो नव्हतो.

दिवाळीनंतर भाऊ म्हणाला की तिला जोडीला एक घोडा आणू. ओळखीतल्यांकडं एक तट्टू होतं, म्हातारं, गरीब स्वभावाचं. डॉक्टर म्हणाले आणा, पण आधी दोघांचे ग्लँडर्स रिपोर्ट येऊ द्या. म्हणजे पुन्हा रक्त. मी डॉक्टरांना म्हणलं, पाच आठवडे द्या, आणि त्या दिवशी वीस मिनिटं जास्त द्या, पिळा लावायचा नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ताई, वीस मिनिटं देतो. पण एकविसाव्याला मी माणसं बोलवणार."

पाच आठवडे रोज: गळ्याच्या खोबणीत अंगठा दाबायचा, एक मोजायचं, सोडायचं. मग अंगठा आणि स्पिरिटचा बोळा. स्पिरिटच्या वासाला ती पहिल्या दिवशी थेट शेळीपाशी जाऊन उभी राहिली, जाऊ दिली. मग पेनचं टोपण टोचायचं. मग भाऊ पांढरा शर्ट घालून माझ्या जागी. मग डॉक्टर स्वतः दोन वेळा येता-जाता नुसते येऊन तिला खाजवून गेले, ड्युटी संपल्यावर, त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

११ डिसेंबर २०२५, सकाळी आठ. रिंगण, फट उघडी, गळ्यात काही नाही. डॉक्टरांनी बोळा लावला, अंगठ्यानं शीर धरली, सुई काढली, आणि तिच्या पोटाचा श्वास अडला. मी म्हणलं, "थांबा." ते थांबले. ती वळली आणि फटीतून बाहेर गेली. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. अण्णा बांधावर बसले होते, ते पण काही बोलले नाहीत. मी खाली बघत उभी होते, बोलावलं नाही. सात मिनिटांनी ती आत आली, माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली, तिथंच जिथं रोज उभी राहते. या वेळी सुई गेली. कातडी एकदा थरथरली. कान माझ्याकडं होता. दहा मिली रक्त, बोळा, झालं. डॉक्टरांनी दवाखान्यात जाऊन लगेच सीरम वेगळं केलं, मी मागं मोटारसायकलवर गेले आणि नळीवरचा नंबर स्वतः फॉर्मशी जुळवला.

वर्षाचा हिशोब वहीत लिहिलाय: घोडीची किंमत सोडून ८३ हजारांच्या आसपास, त्यात चाराच साठच्या वर. मी अजून तिच्यावर बसलेली नाही. बसेन की नाही ठरवलेलं नाही. हलगीचा आवाज मोबाईलवर अर्ध्यापर्यंत आलाय, वरात रस्त्यावरून गेली की ती अजूनही रानाच्या टोकाला जाते आणि तिथून बघते.

दोघांचे रिपोर्ट २ जानेवारीला आले, निगेटिव्ह. तट्टू येत्या रविवारी येतंय, टेम्पो आमच्याच गावातला सांगितलाय, बाराशे रुपये. त्याच्यासाठी रिंगणाला पलीकडच्या बाजूनं दुसरी फट पाडून ठेवलीय, दोघांना एकाच वाटेनं निघायचं म्हणलं तर मागचा आत अडकतो.